बारा गावचे पाणी

आमच्या भाचीला हसू आले की तिचा उजवा हात आपोआप तोंडापाशी जातो. लहानपणापासूनची ही सवय आहे. पाहुणेमंडळी तिला घरंदाज मुलीचा विनय समजत आणि कौतुक करीत. खरे कारण आम्हां घरच्यांना ठाऊक होते. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी रंगाचे आडवे पट्टे आहेत आणि मधूनमधून खडूसारखे पांढुरके ठिपके. ते कशाने आले हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. पण तेवढ्याने आमचे काही अडले नाही. मुलगी दात नीट घासत नाही, असा निकाल तिच्या आठव्या वर्षीच देऊन आम्ही मोकळे झालो होतो. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. रोज सकाळी ते मोरीपाशी मनगटावरच्या घड्याळात पाहत उभे राहत आणि पाच मिनिटे भरल्याशिवाय तिला चूळ भरू देत नसत. ताईने मीठ झाले, कोळशाची पूड झाली, लिंबाची साल झाली, सगळे करून पाहिले. आणि मी, तिचा सख्खा मामा, दिवाळीत पुण्याहून गेलो की तिला ‘तंबाखूवाली आजी’ म्हणून हाका मारीत असे. सगळे हसत. तीही हसे, तोंडावर हात ठेवून.

धाकट्या भाच्याचे दात पांढरेशुभ्र निघाले तेव्हा तर आमच्या निकालावर शिक्कामोर्तबच झाले. एकाच घरातली, एकाच आईच्या हातचे खाणारी दोन मुले. त्याला जमते ते हिला का जमू नये?

हा निकाल फिरला तो तीस वर्षांनी, आणि तोही जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका दंतवैद्याच्या खुर्चीवर.

भाची नऊ वर्षांपूर्वी नोकरीसाठी तिकडे गेली. परक्या देशात बिऱ्हाड थाटायचे म्हणजे शंभर कागद आणि दोनशे सह्या. पण तिला सगळ्यांत नवल वाटले ते एका चिमुकल्या पुस्तिकेचे. बोनसहेफ्ट असे तिचे नाव. दर वर्षी एकदा दंतवैद्याकडे जायचे, दात दाखवायचे आणि त्या पुस्तिकेत तारीख-शिक्का घेऊन यायचे. दात दुखत असो वा नसो! तिकडच्या सार्वजनिक विम्यात ही तपासणी मोफत असते. पुढेमागे दातावर टोपी बसवायची किंवा कृत्रिम दात घालायचा प्रसंग आला, तर ठरावीक साध्या उपचाराच्या खर्चातले साठ टक्के विमा देतो. पण पाच वर्षांचे शिक्के ओळीने असले तर सत्तर टक्के, आणि दहा वर्षांचे असले तर पंचाहत्तर. २०२० च्या ऑक्टोबरपासून हे आकडे लागू आहेत. मध्ये खाडा पडला की साधारणपणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लहान मुलांना तर वर्षातून दोनदा जावे लागते. म्हणजे आपल्याकडे पोस्टाच्या बचतीचे पासबुक जपावे तसे तिकडे लोक दातांचे पुस्तक जपतात.

आता आपली रीत काय? दात ठणकला की लवंग. लवंगेने भागले नाही तर लवंगेचे तेल. त्यानेही भागले नाही आणि गाल टम्म सुजला, म्हणजे मग दंतवैद्य. आणि त्याच्याकडे जाताना ‘काढूनच टाका’ हे वाक्य आपण घरूनच पाठ करून नेतो. काही दुखत नसताना, धडधाकट तोंड घेऊन, कोणा परक्यापुढे आ वासायचा, ही कल्पनाच आमच्या पिढीला पटण्यासारखी नव्हती. भाचीला आम्ही किती बोललो, पण तिला एकदाही दंतवैद्याकडे नेले नाही. कारण तिचा दात कधी दुखलाच नाही! तिचे दात किडतही नसत. पट्टे असलेले, पण खणखणीत दात.

जर्मनीतही पहिली सात-आठ वर्षे तिची गत फारशी निराळी नव्हती. तपासणी होई, किडलेले काही सापडत नसे, मग सफाई करणारी बाई विचारी, कॉफी फार पिता का? सिगारेट? तंबाखू? भाची ‘नाही’ म्हणे आणि बाई ‘बरं बरं’ म्हणे. ते ‘बरं बरं’ तिला आमच्या घरातून चांगले ओळखीचे होते. पण २०२४ च्या वसंतात त्या दवाखान्यात एक नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी दिवा तोंडावर घेतला, बराच वेळ पाहिले आणि तंबाखूविषयी अवाक्षर न काढता विचारले, “सात-आठ वर्षांच्या होईपर्यंत तुम्ही कुठलं पाणी प्यायलात? विहिरीचं की नळाचं?”

भाची म्हणते, “मामा, मला एकदम उत्तरच सुचेना. मी पुणे आठवलं, यवतमाळ आठवलं. मग लक्षात आलं, त्याच्या आधीचं गाव तर मी विसरूनच गेले होते.”

मग त्या बाईंनी तिच्या हातात आरसा दिला. डावीकडचा दात पाहा, म्हणाल्या, आणि आता उजवीकडचा त्याचाच जोडीदार पाहा. पट्टा त्याच उंचीवर, तसाच आडवा. मळ असा मोजूनमापून बसत नाही. दात हिरडीच्या आत घडत असताना पाण्यातले फ्लोराइड जास्त झाले, की त्याच्या वरच्या कवचावर अशा खुणा उमटतात. एकदा दात बाहेर आला की त्या घासून जात नाहीत, आणि न घासल्याने येतही नाहीत.

त्या रात्री भाचीचा पुण्याला फोन आला. पंधरा मिनिटे ती मला हे सांगत होती. मी ‘हो का, हो का’ म्हणत होतो. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, “दिवाळीला येते आहे. त्या गावी जायचंय. तुम्ही याल?” ‘तंबाखूवाली आजी’ हे शब्द तिने उच्चारले नाहीत. त्यामुळे मला नाही म्हणणे शक्यच नव्हते.

पुण्याहून यवतमाळला जायचे म्हणजे आगगाडी तुम्हांला यवतमाळला नेत नाही, जवळपास नेऊन सोडते. आम्ही रात्रीच्या गाडीने निघून धामणगावला उतरलो. तिथून बाभूळगाववरून मोटारीने यवतमाळ. एकेकाळी या शहराला स्वतःची आगगाडी होती: मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने कापसासाठी काढलेली एकशे तेरा किलोमीटरची ही वाट. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत असे. ताईच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी तिच्यातून आलो होतो. उतरून चार पावले चालून पुन्हा चढता येईल इतकी ती शांत स्वभावाची होती. आता तीही बंद पडली आहे. वर्ध्याहून नांदेडकडे जाणारा रुंद मार्ग मात्र बांधला जात आहे आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यावरची गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत, म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत, येऊन पोचली.

दिवाळीच्या आधीचा यवतमाळ जिल्हा पाहावा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो, वेचणाऱ्या बायांच्या पाठीला ओटे बांधलेले असतात आणि मधूनच सागाचे रान लागते. काळी जमीन, पांढरा कापूस. खाली पाणी कसले आहे ते वरून काही दिसत नाही.

भाचीने जर्मनीहून निघतानाच कामांची यादी केली होती. यादीत पहिले काम होते दात दाखवण्याचे. मी म्हटले, “अगं, तिकडे फुकट होतं ना?” ती म्हणाली, “तपासणी फुकट होते. उपचार नाही. आणि मला इथल्या डॉक्टरांचं मत हवंय.”

यवतमाळच्या त्या दवाखान्यात वसुबारसेच्या आदल्या दिवशी जी गर्दी होती, ती पाहून मी थक्क झालो. बाकावर एक गृहस्थ अमेरिकेचे, एक बाई दुबईच्या, एक जोडपे हॉलंडचे. सगळी मुळात इथलीच, दिवाळीला घरी आलेली. घरटी एक तरी मूल बाहेरदेशी, आणि त्या प्रत्येकाचा एक तरी दात यवतमाळच्या भरवशावर! बोलता बोलता कारणे कळली. अमेरिकेत दातांचा विमा निराळा काढावा लागतो आणि तो वर्षाकाठी बहुधा ठरावीक रकमेपुरताच पैसे देतो. ती रकम एका मोठ्या उपचारात संपते. हॉलंडमध्ये अठरा वर्षांवरच्यांचे दात मूळ विम्यात बसतच नाहीत. तेव्हा लोक वर्षभर दुसऱ्या बाजूने चावतात आणि दिवाळीला गावी येतात.

डॉक्टर तरुण होते आणि या मंडळींवर जरा वैतागलेलेही. ते म्हणाले, “हे लोक तीन आठवड्यांसाठी येतात आणि माझ्याकडे अठराव्या दिवशी उगवतात. आता मुळापर्यंतची सफाई करायची, टोपीचं माप घ्यायचं, टोपी बनून यायची, बसवून चावून पाहायचं, हे तीन दिवसांत कसं व्हावं? उद्या विमानात ठणका लागला तर शिव्या मला.” त्यांचे सांगणे सरळ होते. येणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात यावे. तिकडचे क्ष-किरण फोटो आणि कागद सोबत आणावेत. इथे जे केले त्याचा कागद परत न्यावा. हाडात खिळा बसवून दात लावायचा असेल, तर त्याला महिने लागतात, ते एका सुटीत उरकू नये. आणि ही सगळी धावपळ ज्यांना नको असेल त्यांनी तिकडची वर्षाची तपासणी चुकवू नये, म्हणजे इथे फक्त फराळाला येता येईल. कोणाच्या घरी परदेशातून पोर येणार असेल, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहून ठेवले आहे.

मग त्यांनी भाचीला खुर्चीत बसवले, दिवा खाली ओढला. पुरते तोंड उघडायच्या आतच म्हणाले, “केळापूरकडच्या का तुम्ही?”

ज्या प्रश्नाला जर्मनीत आठ-नऊ वर्षे लागली, तो इथे एका नजरेत सुटला. भाची खुर्चीतच हसू लागली. आणि मी बाहेर बाकावर बसून हिशेब करीत होतो. भाऊजींची बदली यवतमाळला झाली तेव्हा ही सात वर्षांची. म्हणजे तीस वर्षांपूर्वी, सहज म्हणून जरी आम्ही हिला या गावातल्या एखाद्या दंतवैद्याकडे आणले असते, तरी कदाचित पाच मिनिटांत सगळे कळले असते. मोरीपाशी घड्याळ लावायला पाच मिनिटे होती, याला नव्हती.

संध्याकाळी ताईकडे चकल्या तळल्या जात होत्या आणि भाची सगळ्यांना एक गोष्ट सांगत होती. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला गेला. पाहतो तो गावच्या माणसांच्या दातांवर चॉकलेटी डाग. पुस्तकांत कुठे उल्लेख नाही. गावकऱ्यांची स्वतःची कारणे तयार होती: डुकराचे मांस जास्त खाल्ले जाते, दूध निकस आहे, पाण्यात चुना आहे. मॅके आणि त्या काळचे नामवंत दंतवैद्य ब्लॅक यांनी कित्येक वर्षे शोध केला. दोन गोष्टी त्यांना कळल्या. मोठेपणी त्या गावात राहायला आलेल्यांच्या दातांना डाग पडत नाहीत, आणि डागाळलेले दात सहसा किडत नाहीत.

“म्हणजे माझेच,” भाची म्हणाली.

पुढे १९२३ मध्ये मॅके आयडाहो राज्यातल्या ओकली या खेड्यात गेला. तिथल्या आयांनी सांगितले, गावात दूरच्या गरम झऱ्याचे पाणी नळाने आणले आणि तेव्हापासून पोरांचे दात डागाळू लागले. मॅकेने पाणी तपासले, त्यात काही सापडले नाही. तरी त्याने नळ बंद करायला लावला. काही वर्षांत लहान मुलांचे नवे दात स्वच्छ निघाले. पाण्यात काय होते ते कळायला १९३१ साल उजाडावे लागले. बॉक्साइट नावाच्या गावी ॲल्युमिनियमची मोठी कंपनी होती. दातांच्या डागांचे खापर आपल्या मालावर फुटेल या धास्तीने तिचा रसायनशास्त्रज्ञ चर्चिल याने बारकाईने पाणी तपासले, आणि ॲल्युमिनियमऐवजी त्याला फ्लोराइड सापडले. पुढे गंमत अशी की थोडे फ्लोराइड दाताला बळकटी देते हे कळल्यावर १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने ते मुद्दाम पाण्यात घालायला सुरुवात केली. आपल्या देशात १९३७ मध्येच नेल्लोर जिल्ह्यात फ्लोराइडने हाडे जखडलेली माणसे डॉक्टरांना आढळली होती. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, त्याच्या वर नको, असे आपले सरकारी प्रमाण आहे. मध्ये रेष किती बारीक आहे पाहा!

भाऊजी झोपाळ्यावर बसून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी एकच विचारले, “तुझा भाऊ यवतमाळला झाला, म्हणून त्याचे पांढरे?”

“हो बाबा. तो निळोण्याच्या धरणाचं पाणी प्यायला.”

भाऊजी काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून म्हणाले, “उद्या मीही येतो. जाताना कळंबवरून जाऊ.”

कळंबचा चिंतामणी जमिनीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली जावे लागते. तिथले कुंड काही वर्षांनी आपोआप भरते, पाणी वर चढत देवाच्या पायाला लागते आणि मग ओसरते, असे भाविक सांगतात. भाऊजी कुंडाच्या कडेला बराच वेळ उभे होते. नंतर राळेगाव, वडकी, तिथून नागपूर-हैदराबादचा मोठा रस्ता आणि करंजीवरून पांढरकवडा. केळापूर तालुक्याचे हे मुख्य गाव. केळापूरची जगदंबा जवळच. या बाजूला टिपेश्वरचे वाघाचे रान आहे, कोलाम लोकांचे पोड आहेत आणि पलीकडे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. पश्चिमेकडचा काळा कातळ इथे संपत येतो आणि वणी-मुकुटबनकडे चुनखडीचे जुने थर वर येतात.

पाणी खडकातून किती दिवस फिरले यावर त्यात काय विरघळते हे ठरते. साध्या विहिरीला दर पावसाळ्यात नवे पाणी मिळते. दोनदोनशे फूट खोल बोअरमधले पाणी मात्र वर्षानुवर्षे दगडांच्या संगतीत राहिलेले असते, आणि संगतीचा गुण त्याला लागतो. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ साली पांढरकवडा भागातल्या भूजलातील फ्लोराइडवर एक शोधनिबंध आला होता. म्हणजे शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते. आम्हांलाच नव्हते.

पण खोल बोअरला शिव्या देऊन चालणार नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, यंत्रे आली, भोके पडली, पुढे गावोगाव हातपंप उभे राहिले. त्या आधी पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरून पाणी भरीत आणि नारू पसरे. उघड्या पाण्याने पटकी होई. हातपंपाचे पाणी नितळ, थंड, बाराही महिने. मास्तरांचे बिऱ्हाड शाळेजवळ, हातपंप शाळेसमोर. ताई इतकी खूश होती की तिने मला पत्रात कळवले होते, इथले पाणी काचेसारखे आहे. खरेच होते. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटते आणि ते दाटते. फडक्याने गाळले तरी तिथेच.

गाव मोठ्या रस्त्यापासून आत आहे. त्याचे नाव मी इथे देत नाही. का ते पुढे कळेल.

शाळा नवी झाली आहे. हातपंप जागच्या जागी आहे, पण त्याच्या खांबाला लाल रंग फासलेला आणि ‘पिण्यास अयोग्य’ अशी अक्षरे. दोन बाया त्याच्याखाली भांडी घासत होत्या. भाऊजी पंपाजवळ गेले, दांड्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. या पंपापासून घरापर्यंत ते रोज संध्याकाळी दोन कळशा नेत. मुलीला पाणी कमी पडू नये म्हणून.

ओसरीवरून एक म्हातारी उठून आली. “कोनाकडे आले जी?”

भाऊजींनी सांगितले, मी इथे मास्तर होतो, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून त्यांना पाहिले; ओळख पटेना. मग भाचीकडे वळली. भाची ओशाळून हसली आणि तिचा हात नेहमीप्रमाणे वर गेला. म्हातारीने तो मनगटाशी धरून खाली ओढला.

“हात कायले लावते वो बाई? आपल्याच गावचे दात हायेत थे.” आणि भाऊजींना म्हणाली, “मास्तरची थोरली ना हे? हसली तवाच ओयखलं म्या.”

मग चार घरची माणसे जमली. खुर्च्या आल्या, चहा आला. “नयाचं पानी हाय, प्या बिनघोर,” असे बजावून आला. त्या घोळक्यात पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या दातांवर भाचीसारखे पट्टे होते, कोणाचे फिके, कोणाचे गडद, एकदोघांच्या दातांचे टवके उडालेले. एका वृद्धाला मान वळवायची तर सगळे अंग वळवावे लागत होते. त्यांच्या दुखण्याला हेच कारण, हे मी कोण सांगणार? पण वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की मणका आणि सांधे असेच आखडतात आणि ते पुन्हा मोकळे होत नाहीत, असे डॉक्टर सांगतात. दातांचे पट्टे हा त्याचा वरवरचा, आरशात दिसणारा भाग.

नळाचे पाणी येऊन काही वर्षे झाली. वीज गेली किंवा उन्हाळ्यात नळ आटला की लोक पुन्हा लाल पंपाकडे वळतात, हेही त्यांनीच सांगितले. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत पूर्वीच काढली आहे. पण ती रोजच्या रोज, न चुकता कोणीतरी करायला हवी, आणि गाडे तिथे अडते. चिंचेचीही एक गोष्ट मी सांगितली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांना शाळकरी मुलांमध्ये असे आढळले की चिंच खाण्यात आली की फ्लोराइड लघवीवाटे अधिक बाहेर पडते. म्हातारी म्हणाली, “चिच तं आमी खातोच जी.” माझे ज्ञान तिथेच संपले.

भाची पोरांत रमली होती. तिने मोबाइलमधला आरसा करून पोरांना आपापले दात बघायला लावले होते. दुसरी-तिसरीतल्या दोघाचौघांचे नवे दात पांढरे दिसत होते आणि त्यांच्या थोरल्या भावंडांचे पट्टेरी. चार पोरांच्या दातांवरून शास्त्र ठरत नाही, पण मला ओकलीच्या आया आठवल्या. एक दहावीतली मुलगी मात्र आरशाजवळ येईना. भाचीने तिला बाजूला घेतले. दोघी शाळेच्या पायरीवर बऱ्याच वेळ बसल्या होत्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही. परत येताना भाचीचे डोळे लाल होते. भाचीला पाहायला आलेल्या एका स्थळाने ‘मुलगी पान खाते का?’ असे मध्यस्थाकरवी विचारले होते, आणि घरात आम्ही ते हसण्यावारी नेले होते. ती गोष्ट मला त्या पायरीकडे पाहून अनेक वर्षांनी आठवली.

निघताना मी वही काढलेली पाहून म्हातारीने विचारले, “पेपरात देता का?” मी म्हटले, दिवाळी अंकात लिहीन म्हणतो. ती जरा घुटमळली. “लिवा. पन गावाचं नाव नोका लिहू जी. पोरीयचे लग्न अडतात.”

म्हणून नाव दिलेले नाही.

परतीच्या वाटेवर अंधार पडला होता. करंजीच्या पुढे भाऊजी एकदम म्हणाले, “मराठीत एक म्हणणं आहे, बारा गावचं पाणी प्यायलेला. मी वर्गात शिकवायचो. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा.” भाची म्हणाली, “बाबा, बारा गावचं पाणी प्यायलं तरी दात पहिल्या गावचंच लक्षात ठेवतात.” ते हसले. मग मीही तिला म्हणालो, “आजी म्हणायचो मी तुला.” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “आठवतंय मला, मामा.” त्यावर कोणी काही बोलले नाही आणि मोटार चालत राहिली.

डाग घालवायचे उपाय आहेत. वरचा थर अगदी सूक्ष्म खरवडता येतो, उजळवता येतो, गडद असतील तर दातावर पातळ पापुद्रा चढवता येतो. यवतमाळच्या डॉक्टरांनी हे सगळे समजावून सांगितले होते. भाचीने काय करायचे ते ठरवलेले नाही. “पाहू,” म्हणाली. त्यांच्याकडून तिने तपासणीचा कागद मात्र घेतला, तिकडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला. आणि त्यावर गावाचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे नाव घालून घेतले. तिथे ते लपवायचे कारण नव्हते.

भाऊबीज झाल्यावर रात्री सामानाची बांधाबांध चालली होती. भाऊजी चष्मा लावून आले आणि म्हणाले, “ते तुझं शिक्क्यांचं पुस्तक आहे का जवळ? बघू.” तिने पर्समधून काढून दिले. जर्मन त्यांना येत नाही. पण त्यांनी ती पुस्तिका दिव्याखाली धरली आणि शाळेचा हजेरीपट तपासावा तसे बोट ठेवीत एकेक तारीख वाचली. नऊ शिक्के, नऊ सह्या. शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

“एकही खाडा नाही,” ते म्हणाले, आणि पुस्तक दोन्ही हातांनी तिला परत दिले.